चष्मा लेझरचा, काळजी रोजची

कुठल्या भांड्याला काथ्या लावायचा आणि कुठल्याला नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बिडाचा तवा घासून लख्ख केला तर दुसऱ्या दिवशी घावन चिकटतं, नॉनस्टिकला तारेची घासणी लावली की तो तवा कायमचा गेला, लोणच्याच्या बरणीला ओला हात लागला की बुरशी धरते. वस्तू ओळखायची आणि तिच्या स्वभावाप्रमाणे तिला वागवायचं, हे आपलं घरचंच शास्त्र आहे. आज मात्र अशा एका वस्तूबद्दल बोलायचं आहे जी आपल्या आईच्या किंवा सासूच्या संसारात नव्हती. म्हणून तिची काळजी कशी घ्यायची हे सांगणारंही घरात कुणी नाही. ती वस्तू म्हणजे लेझरपासून डोळे वाचवणारा चष्मा.

‘‘अहो, टोकावड्याला कुठला आलाय लेझर?’’ असं कुणीतरी लगेच म्हणेल. पण कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही टोकांना जरा नजर टाका. टोकावड्याच्या, सरळगावच्या, शहापूरकडच्या पाड्यांवरच्या मुली आता बारावीनंतर पार्लरचा कोर्स करतात, नर्सिंगला जातात, एसटी पकडून मुरबाड, बदलापूर, कल्याणला कामाला जातात. त्वचेच्या दवाखान्यात नको असलेले केस काढायला लेझर असतो. गोंदण पुसायला लेझर असतो. डोळ्यांच्या दवाखान्यात, दातांच्या दवाखान्यात, फिजिओथेरपीत लेझर असतो. कारखान्यात पत्रा कापायला आणि मालावर नाव-नंबर कोरायला तोच. लग्नपत्रिका आणि लाकडी नावाच्या पाट्या कापणाऱ्या दुकानातही तोच.

या सगळ्या ठिकाणी भिंतीवरच्या खिळ्याला किंवा खणात एक हिरवट, नाहीतर नारिंगी काचेचा चष्मा असतो. मशीन चालवणारे डॉक्टर किंवा ऑपरेटर असतात. पण चष्मे पुसणं, जागेवर ठेवणं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर झाकण लावणं हे काम बहुतेक ठिकाणी मदतनीस मुलीकडेच येतं. ती मुलगी तुमची लेक असेल, भाची असेल, सून असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल. म्हणून हा लेख जपून ठेवा.

न दुखणारी जखम

अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० साली पहिला लेझर चालवून दाखवला. लेझर म्हणजे एकाच जातीचा, एकाच दिशेने, न विखुरता जाणारा प्रकाश. बॅटरीचा झोत लांब गेला की पसरतो, फिका होतो. लेझरची रेघ लांबवर तशीच बारीक राहते. आणि हाच डोळ्याला धोका आहे. आपल्या डोळ्यात जे भिंग आहे ते आलेला प्रकाश गोळा करून पडद्यावर एका ठिपक्यात आणतं. लहानपणी भिंगाने उन्हात कागद जाळलेला आठवतो ना? तोच प्रकार डोळ्याच्या आत होतो. बुबुळापाशी पोचलेला लेझर पडद्यावर पोचेपर्यंत एक लाख पटींपर्यंत तीव्र होऊ शकतो.

डोळ्यांसमोर झगझगीत उजेड आला की पापणी आपोआप मिटते. साधारण पाव सेकंदात. शिक्षक फळ्यावर दाखवायला वापरतात त्या अगदी कमी शक्तीच्या पॉइंटरपुरतं हे पापणीचं संरक्षण चालतं. पण लेझरचे धोक्याप्रमाणे १ ते ४ असे वर्ग असतात. केस काढायची आणि पत्रा कापायची यंत्रं बहुतेक चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गातली. तिथे पापणी मिटायच्या आतच जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

त्यात आणखी एक गोष्ट. माणसाला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. केस काढायला वापरला जाणारा डायोड लेझर असतो ८०८ किंवा ८१० नॅनोमीटरचा, अलेक्झांड्राइट ७५५चा आणि एनडी-याग १०६४चा. म्हणजे हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, किंवा अगदी पुसट लालसर दिसतो. पण डोळ्याचं भिंग त्याला पडद्यापर्यंत नेतं. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. आणि पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणून भाजलेलं समजतही नाही. तव्याचा चटका बसला की हात मागे येतो. इथे चटका बसतो आणि आपण काम करत राहतो.

म्हणूनच या चष्म्याची देखभाल ही टापटिपीची गोष्ट नाही. चष्मा खराब झाला आहे हे आपला डोळा आपल्याला सांगणार नाही. ते आपणच, काम सुरू करायच्या आधी, चष्म्याकडे बघून ओळखायचं असतं.

चष्म्यावरचा पत्ता वाचा

प्रत्येक चांगल्या लेझर चष्म्यावर, काचेच्या कडेला किंवा दांडीवर, दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक म्हणजे तो किती नॅनोमीटरच्या लेझरसाठी आहे. दुसरी ‘ओडी’, म्हणजे तो प्रकाश किती अडवतो याचा आकडा. ओडी १ म्हणजे दहातला एक भाग आत येतो. ओडी २ म्हणजे शंभरातला एक. ओडी ५ म्हणजे लाखातला एक. भाताचे लाख दाणे सुपात घेतले आणि एकच पलीकडे गेला, असं समजा. एकेका आकड्याने दहापट फरक पडतो, म्हणून ‘४ काय नि ५ काय’ असं म्हणून चालत नाही.

पण हा हिशेब त्या चष्म्यावर लिहिलेल्या लहरींपुरताच. ८०८ साठीचा चष्मा १०६४ च्या यंत्रापुढे कदाचित काहीच अडवणार नाही. आणि रंगावरून ते कळत नाही. दोन्ही चष्मे हिरवेच असू शकतात. गोंदण काढायच्या यंत्रात तर बहुधा १०६४ आणि ५३२ असे दोन्ही लेझर एकाच हँडलमधून निघतात, तेव्हा चष्म्यावर दोन्ही आकडे हवेत. ‘आयपीएल’ म्हणून जे यंत्र असतं तो तर लेझरच नाही. त्याचा झगझगाट अनेक लहरींचा मिळून असतो आणि त्याचे चष्मे वेगळे येतात.

यंत्रावरच्या पट्टीवर त्याची लहर छापलेली असते. पहिल्या दिवशी यंत्रावरचा आकडा आणि चष्म्यावरचा आकडा जुळवून बघा. दोन-तीन यंत्रं असतील तर ज्या त्या यंत्राचा चष्मा त्याच यंत्राजवळ, वेगळ्या डबीत, डबीवर मराठीत चिठ्ठी चिकटवून ठेवा. मसाल्याचे डबे आपण ओळखतो तसंच. चिठ्ठी डबीवर लावायची, काचेवर नाही. चष्म्यावरचे छापलेले आकडे पुसून गेले असतील तर तो चष्मा कामाचा राहिला नाही. पत्ता नसलेलं पाकीट कुठे पोचणार?

उन्हाचा काळा गॉगल इथे मुळीच चालत नाही. उलट काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि प्रकाश जास्तच आत शिरतो. वेल्डिंगची काचही लेझरसाठी बनवलेली नसते.

धुवायचा कसा?

चष्मा खराब होतो तो बहुतेक वेळा पुसताना. ओढणीचं टोक, साडीचा पदर, टिश्यूपेपर, मशीन पुसायचं फडकं, जे हाताला लागेल त्याने कोरडा घासला जातो. आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. कोरडं घासलं की तीच धूळ काचेवर रेघा ओढते.

आधी हात धुवा. चष्मा वाहत्या, साध्या किंवा किंचित कोमट पाण्याखाली धरून धूळ निघून जाऊ द्या. मग बोटाला सौम्य लिक्विड साबणाचा एक थेंब घेऊन काच दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने धुवा. नाकाजवळचा भाग, दांड्या आणि पट्टाही धुवा, कारण घाम, क्रीम आणि केसांचं तेल तिथेच साठतं. साबण पूर्ण जाऊ द्या. बोअरचं क्षाराचं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या, म्हणजे पांढरे डाग राहणार नाहीत. नंतर चष्म्यासाठी मिळणाऱ्या मऊ मायक्रोफायबर कापडाने पाणी टिपून घ्या. टिपायचं, रगडायचं नाही. ते कापडही वेगळं ठेवा आणि दर दोन दिवसांनी धुवा. त्याला कपड्यांचा सुगंधी कंडिशनर लावू नका, काचेवर त्याचा थर बसतो.

खऱ्या काचेचे, वर खास थर दिलेले चष्मे असतील तर ते पाण्यात बुडवून ठेवू नका. थरांच्या मध्ये पाणी शिरलं की ते सुटतात. चष्म्यासोबत माहितीपत्रक येतं. ते टाकून न देता खणात ठेवा, आणि त्यात काही वेगळं सांगितलं असेल तर तेच खरं माना.

आता काय करायचं नाही. पार्लरमध्ये नेलपेंट रिमूव्हर कायम हाताशी असतो. तो चुकूनही लावू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने प्लॅस्टिकची काच धुरकट होते, बारीक तडकते. थिनर, पेट्रोल, फिनाईल, ब्लीच, भांड्यांची पावडर, काच चमकवायचे स्प्रे, हे सगळं वर्ज्य. स्पिरिट किंवा सॅनिटायझर माहितीपत्रकात चालतं असं लिहिलं असेल तरच. उकळत्या पाण्यात किंवा वाफेच्या स्टरिलायझरमध्ये घालू नका. कात्र्या-चिमटे ठेवतो त्या निळ्या दिव्याच्या पेटीत तर मुळीच नको. तो अतिनील प्रकाश काचेतल्या रंगाला हळूहळू मारतो. रंगच तर लेझर अडवत असतो! ओरखडा घालवायला टूथपेस्ट घासण्याचा उपाय कुणी सांगितला तर हसून सोडून द्या. ओरखडा जात नाही, वरचा थर मात्र जातो.

ठेवायचा कुठे?

काम संपलं की चष्मा डोक्यावर चढवून ठेवायची सवय असते. त्याने केसांचं तेल लागतं आणि दांड्या सैल होतात. टेबलावर काच खाली करून ठेवला की ओरखडा ठरलेला. चष्मा सुकला की कडक डबीत घालायचा आणि डबी खणात ठेवायची. खिडकीच्या उन्हात नाही, गरम यंत्राच्या डोक्यावर नाही, बाईकच्या डिकीत नाही.

आपल्याकडचा पावसाळा तर ठाऊकच आहे. माळशेजचं धुकं सुरू झालं की कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. चष्मा जरा जरी ओला असताना डबीत गेला, तर पट्ट्याला वास येतो, फोमला काळे ठिपके येतात आणि काचेचे थर सुटायला लागतात. नव्या पर्समध्ये मिळणारी सिलिका जेलची पुडी डबीत टाकून ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत.

एका मिनिटाची पाहणी

रोज सकाळी, पहिलं गिऱ्हाईक येण्याआधी, यंत्र बंद असताना, चष्मा खिडकीच्या उजेडासमोर धरून फिरवा आणि एवढं बघा.

काचेवर खोल ओरखडा, खड्डा, भाजल्यासारखा ठिपका किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा आहेत का? रंग एखाद्या जागी फिका पडला आहे का? वरचा थर पोपडे निघाल्यासारखा उठला आहे का? काच फ्रेममध्ये हलते का? बाजूची झाकणं शाबूत आहेत का? दांडी किंवा पट्टा सैल होऊन नाकावरून खाली घसरतो का? आकडे नीट वाचता येतात का?

यातलं एकही ‘बिघडलं आहे’ असं वाटलं, तर तो चष्मा त्या दिवशी वापरायचा नाही. फेविक्विकने चिकटवायचा नाही, जुन्या चष्म्याची काच यात बसवायची नाही. बाजूला काढून त्यावर ‘वापरू नये’ लिहायचं, म्हणजे दुसरी कुणी घाईत उचलणार नाही. आणि चष्मा अजून चालतो का, हे लेझरचा झोत त्यावर मारून कधीही बघायचं नाही.

एक साधी वही घाला. चष्मा कधी घेतला, कुठल्या यंत्राचा, कधी पडला, कोणी पाहणी केली. दोन ओळी पुरेत. पुढे कुणी ‘तूच फोडलास’ म्हणालं तर ही वही तुमच्या बाजूने बोलेल.

गिऱ्हाइकाचे डोळेही आपलेच

केस काढून घ्यायला आलेली बाई डोळे मिटून निजलेली असते, तेव्हा तिला चष्मा कशाला, असं वाटू शकतं. पण पापणी फार पातळ असते, लेझर तिच्यातून आत जाऊ शकतो. तिच्या डोळ्यांवर पूर्ण झाकणारी झाकणं लागतातच. भुवयांच्या आणि पापण्यांच्या अगदी जवळ लेझर मारल्याने डोळ्याला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ‘भुवईखालचे दोन केस तेवढे काढ गं’ असं कुणी लाडात म्हणालं तरी ते काम आपलं नाही. ते डॉक्टरांनाच विचारायचं.

प्रत्येक गिऱ्हाइकानंतर झाकणं धुवायचीच. जुलै-ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ पसरली होती, ती आठवत असेल. एकीच्या डोळ्यांवरचं झाकण न धुता दुसरीला लावलं तर साथीला दुसरं निमंत्रण नको. त्याच कारणाने, जमेल तिथे प्रत्येकीचा चष्मा वेगळा असावा. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी त्यावरून बसणारा मोठा लेझर चष्मा मागून घ्यावा. नंबरचा काढून अंदाजाने काम करू नये.

आणि हातातल्या बांगड्या, घड्याळ, अंगठी, लोंबतं मंगळसूत्र? धातू आणि काच लेझरला आरशासारखी परत फेकतात. यंत्राजवळ जाताना बांगड्या-घड्याळ काढून ठेवा, मंगळसूत्र गळाबंद ड्रेसच्या आत घ्या, भिंतीवरच्या आरशावर पडदा ओढा. यात सौभाग्याचा काही प्रश्न नाही. भाकऱ्या थापतानाही आपण अंगठी काढतोच की.

मागायचं कसं?

खरी अडचण इथेच असते. नवी मुलगी, नवी नोकरी, पगार बेताचा. ‘मॅडम, चष्म्याला चरा पडलाय, दुसरा द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. चांगला चष्मा हजारो रुपयांना येतो, आणि मालक म्हणतात, ‘अगं, एवढ्याशा चऱ्याने काय होतंय?’

तर मुलींनो, एवढं लक्षात ठेवा. कामाच्या ठिकाणी डोळ्यांचं संरक्षण मालकाने द्यायचं, ही काही आजची मागणी नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं ३५ वं कलम डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होतं. भांडायची गरज नाही. वही दाखवा, माहितीपत्रकातली ओळ दाखवा, आणि ‘गिऱ्हाइकाला किंवा मला काही झालं तर दवाखान्याचं नाव जाईल’ एवढं सांगा. लेझर चालू असताना चष्मा नसेल तर खोलीच्या बाहेर थांबा. मैत्रीण काम करत असेल आणि तुम्ही नुसत्या बघायला आत गेलात तरी चष्मा हवाच. भिंतीवरून, ट्रेवरून परतलेला झोत कोण काम करतंय आणि कोण बघतंय हे विचारत नाही.

आणि घरच्यांनीही एक करावं. लेक नव्या नोकरीला लागली की आपण विचारतो, डबा नेलास का, एसटी मिळाली का, पगार कधी? त्यात एक प्रश्न वाढवा. ‘चष्मा देतात का गं? आणि चांगला आहे का?’

जिथे चष्माच नाही

लेझर फक्त दवाखान्यात नाही. हळदीच्या मांडवात डीजेच्या गाडीवर, जत्रेत, मिरवणुकीतही आला आहे. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला मिरवणुकीतल्या लेझरने इजा झाल्याच्या बातम्या आल्या. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. मांडवात नाचणाऱ्या पोरांना कोण चष्मे वाटणार? तिथे एकच उपाय, झोत माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर येताच कामा नये. हळद आपल्या घरची असेल तर सुपारी देतानाच ‘लेझर नको’ सांगा. कडेवरच्या बाळाला त्या झोताकडे बघायला लावू नका. जत्रेतला हिरवा पॉइंटर खेळणं म्हणून घेऊन देऊ नका.

काही झालंच तर

काम करताना अचानक चमकलं, ‘टक्’ असा बारीक आवाज आला, नजरेच्या मधोमध काळा किंवा धुरकट ठिपका दिसू लागला, सरळ रेघ वाकडी दिसली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. एकेक डोळा झाकून दुसऱ्याने बघा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा बिघडलेल्याचं झाकून नेतो. यंत्र बंद करायला सांगा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. टोकावड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवलंत तर तिथून नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा, पडद्याची तपासणी व्हायलाच हवी. कुठला लेझर, किती नॅनोमीटरचा, हे कागदावर लिहून न्या. गुलाबपाणी, मध, अंगावरचं दूध, दुकानातले थेंब यातलं काहीही डोळ्यात घालू नका. जखम आत पडद्यावर असते, वरून घातलेलं तिथे पोचत नाही. पडद्याच्या जळालेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. वेळेवर गेल्याने उरलेलं जपता येतं.

वर सांगितलेलं सगळं करायला दिवसाकाठी पाच मिनिटं पुरतात. कापड वेगळं, डबी वेगळी, सकाळी एकदा उजेडाला धरून बघायचं, संध्याकाळी धुऊन ठेवायचं. यंत्राची सर्व्हिसिंग कंपनीचा माणूस करून जाईल. चष्म्याची मात्र जी घालते तिनेच करायची, कारण त्याच्या मागे डोळे तिचे असतात.